चिरंजीव रसायन

खडकी, ४ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दत्तोबामामा व मामी यांस,
सा. न. वि. वि.
फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं रचता, म्हणून लिहिते. डोहाळजेवणाला आले तेव्हा तुमच्या बोअरचं पाणी बाटलीत नेलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत तपासलं. त्यात चिरंजीव रसायनं सापडली, तीही भरपूर. आई गेल्यापासून तुमचं घर हेच माझं माहेर, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं आहे. त्याआधी पाण्याचं काय ते ठरवा.
लोभाला माझ्याकडून तोटा नाही.
तुमची, प्रियदर्शनी

बिबवेवाडी, ८ नोव्हेंबर

चि. सौ. प्रियदर्शनी हिस,
अ. उ. आ.
धन्य झालो! जन्मभर काष्ठौषधींच्या दुकानात बसून लोकांना च्यवनप्राश विकला आणि खरं रसायन माझ्याच नळाला होतं. मजल्यामजल्यावर जाऊन गोड बातमी सांगितली. मी स्वतः दोन तांबे जास्त पितो. मामी म्हणते चव तीच आहे, पण तिला माझ्या कुठल्याच गोष्टीत चव वाटत नाही. तू लवकर ये, पोटभर पाजू. जावई तेजसरावांसाठी कॅन भरून ठेवतो.
तुझा आयुष्मान मामा

खडकी, ११ नोव्हेंबर

ती. स्व. मामा,
सा. न. वि. वि.
आधी तो तांब्या खाली ठेवा! तुमचं पत्र वाचून इतकी हसले की पोटातल्यानंही लाथ मारली. मग मात्र रडू आलं.
मामा, हे रसायन बरणीतलं नव्हे. नॉनस्टिक भांडी, रेनकोट, आग विझवायचा फेस यांत वापरतात ते. विरत नाही, कुजत नाही, म्हणून आम्ही त्याला चिरंजीव म्हणतो. एका घोटानं काही होत नाही. पण वर्षानुवर्षं रक्तात साठलं की कोलेस्टेरॉल वाढण्याचा, थायरॉईड बिघडण्याचा, काही कर्करोगांचाही धोका असतो. बाळाचं वजन कमी भरू शकतं. उकळूनही ते जात नाही, चांगला फिल्टर लागतो. हे पाणी प्यायला असेपर्यंत मी माहेरी येऊ शकत नाही.
लोभ तेवढा न गाळता पाठवावा.
तुमची, प्रिया

बिबवेवाडी, २४ नोव्हेंबर

चि. सौ. प्रिया हिस,
अ. उ. आ.
पुन्हा सगळे मजले चढलो, या वेळी मान खाली घालून. बोअरचं पाणी आता फक्त संडासाला. प्यायला महापालिकेचं, तेही फिल्टरमधून. मामीनं नॉनस्टिक तवा काढून बिडाचा मांडला आणि धिरडी चिकटली की माझ्याकडे बघते. सोसायटीनं जिन्यात पाटी लावली आहे : 'बोअरचे पाणी अमृत नाही. दत्तोबांना (तिसरा मजला) चूक कळली आहे. पुन्हा कळवायला जाऊ नये.'
रिक्षानं बाटली पाठवतो आहे. तपास, आणि मगच ये. पण ये गं. तुझी खोली झाडून ठेवली आहे.
तुझा वाट बघणारा मामा

बिबवेवाडी, ९ जानेवारी २०२६

चि. छकुलीस,
अ. उ. आ.
तू पाळण्यात आणि मी पलीकडच्या खोलीत, तरी पत्र लिहितो. आई वाचून दाखवेल. पाणी निर्मळ निघालं, आता येते, असं तिनं कळवलं तेव्हा मी घरभर नाचलो होतो. तुझं वजनही छान भरलं. काल पेढे घेऊन मजल्यामजल्यावर गेलो, तर पहिल्या मजल्यावरच्या ज्ञानदेवांनी विचारलं, ही बातमी तरी नीट तपासून घेतली आहे ना?
आज मायना लिहिताना 'चि.'पाशी हात थबकला. त्या शब्दानं फार घाबरवलं होतं. तुझी आजी म्हणाली, बिनधास्त लिहा, या घरात चिरंजीव राहायची परवानगी आता हिलाच आहे.
तुझा, दत्तोबाआजोबा