बिनखोगिराची राणी

रविवार, संध्याकाळ

आज धायरीला दादाकडे गेले होते. त्याने त्याच्या हिंजवडीच्या कंपनीचा नवा गेम दाखवला. घोडेस्वारांचं राज्य, राजा लढाईत पडतो आणि राणी बिनखोगिराच्या घोड्यावरून थेट दरबारात शिरते. ही राणी माझी आहे, माझ्या अर्धवट कादंबरीतली. आणि ती मी फक्त दादाला सांगितली होती.

"राणी कुणाला सुचली रे?"

"टीमला. आमच्याकडे सगळं टीमलाच सुचतं." वर न बघताच बोलला.

योगायोग असेल? घोड्यांचं राज्य कुणालाही सुचेल. पण बिनखोगिराचा घोडा? सख्ख्या भावावर संशय घेतेय का मी? राहवेना, म्हणून सहज विचारल्यासारखं केलं, "पण ती खोगीर का घालत नाही?"

"राजाच्या चितेवर ठेवते ना ती ते," दादा पटकन म्हणाला.

"गेममध्ये चिता कुठे आहे?"

त्याने गेम बंद केला. म्हणाला, "तू थोडीच पुरी करणार होतीस ती कादंबरी!"

चहा तसाच ठेवून निघाले. नुसता संशय होता, तेच बरं होतं.