लेबलांचं मशीन

ब्यूनस आयर्स, जून १९८९

लाडक्या आईला नेलिदाचा गोड पापा,

मी मजेत आहे. दुकानात किमतीची लेबलं चिकटवायचं माझं काम अगदी पक्कं आहे. भाव दिवसातून दोनदा वाढतात, मग मला कोण काढणार? तुझे गुडघे कसे आहेत? पेन्शन मिळेल त्याच दिवशी पीठ-तेल भरून ठेव. सरकारच्या भरवशावर थांबू नकोस.

आज मालकांनी माझ्या हातातलं लेबलांचं मशीन काढून घेतलं. म्हणाले, "आज काही चिकटवू नकोस."

एका आजींनी चहासारख्या उकळायच्या येर्बा पत्तीचा पुडा उचलून विचारलं, "पोरी, केवढ्याला गं?"

मालकच म्हणाले, "उद्या या, उद्या सांगतो."

आई, भाव वाढले तेव्हा घाबरले नव्हते. आज भावच नाहीत.

वर काम पक्कं आहे असं लिहिलंय, ते खोडत नाही. शेजारच्या मावशींना तेवढंच वाचून दाखव.

तुझीच,
नेलिदा