सृष्टीला सोडून

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

आजही नाही बोलली. तिसरीच्या वर्गावर माझा सराव-पाठ होता, हातच्याची वजाबाकी. बाकीची पोरं अंगावर येऊन उत्तरं देतात आणि सृष्टी खिडकीशी बसून गणवेशाच्या पट्ट्याची गाठ सोडते, बांधते, सोडते. मी तिच्यापाशी गेले, हसले, डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या मुलाला विचारलं. पहिल्या दिवसापासून असंच करतेय. डी.एड.ला शिकलोय ना — अबोल मुलावर सक्ती नको, ते आपोआप खुलतं.

सूर्यभान गुरुजी, म्हणजे वर्गाचे खरे शिक्षक, मधल्या सुट्टीत म्हणाले, "ताई, तिच्यात वेळ नका घालवू. तिला काही येत नाही." असा राग आला! बालमानसशास्त्राचं पुस्तक गुरुजींनी शेवटचं कधी उघडलं असेल, देव जाणे.

बुधवार, ८ ऑक्टोबर

हसले. हात फिरवला. पुढे गेले. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. पण सक्ती करणार नाही म्हणजे नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सृष्टीची आजी आली होती शाळेत, चांगुणाबाई. थेट गुरुजींना म्हणाली, "दिवाळीनंतर पोर न्हाई यायची. तिचे आईबाप नारायणगावला टोमॅटोच्या कामाला हायेत, तिकडंच धाडते. बारकं भावंड तरी सांभाळील. हितं काय शिकतीय?"

मग मीच मध्ये तोंड घातलं — जरा धीर धरा, मूल खुलायला वेळ लागतो वगैरे. म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. "घरी तर तोंड मिटत न्हाई तिचं, बाई. मंग हितंच काय हुतं?"

शनिवारी शाळा सुटल्यावर घरी येते, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी अकोले गावातल्या खोलीवर पुस्तक उघडून बसले. राहुरीहून आईचा फोन, जेवलीस का? जेवले म्हणून सांगितलं, धडधडीत खोटं. एवढीशी पोर शाळा सोडून भावाला कडेवर घेऊन बसणार, आणि तिच्यासाठी माझ्याकडं एकच वाक्य आहे, तेही पाठ केलेलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

भातखाचरांच्या बांधावरून घसरत-सावरत घर गाठलं. आजीनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला गोठ्याच्या कोपऱ्याशी नेलं. पलीकडं सृष्टीची शाळा भरली होती.

दगडांची पोरं, रांगेनं बसवलेली. तिच्या खांद्यावर टॉवेल, माझ्या ओढणीसारखा. कानावर खडू. कानावर खडू मी ठेवते. "चला, बघू बरं आता." हेही माझंच! एका दगडाला विचारलं, बावन्नातून अठरा गेले, किती उरले? त्याच्या वतीनं आपणच बारीक आवाज काढून म्हणाली, चौतीस. शाब्बास. पुढचा दगड, पुढची वजाबाकी. एकही चुकली नाही. मला इतका आनंद झाला की मी आजीचा हातच धरला. आता गुरुजींना सांगते, म्हटलं.

मग ती भिंतीशी ठेवलेल्या दगडापाशी आली. तो बाकीच्यांपासून जरा लांब होता. त्याच्याकडं बघून ती हसली, ओठ मिटून, गोड. त्याच्यावरून हात फिरवला आणि पुढच्या दगडाला विचारलं.

"त्याला न्हाई का गं इचारायचं?" आजीनं कोपऱ्यावरूनच विचारलं.

सृष्टीनं मागं वळून पाहिलं नाही. "त्याला येत न्हाई. त्याच्याकडं बघून नुसतं हसायचं असतं."

मला वाटत होतं मी तिला जपतेय. गुरुजी निदान तोंडानं म्हणाले की तिला येत नाही. मी तेच रोज सांगत आले, सगळ्या वर्गादेखत, हसून हसून. आणि ती ते नीट शिकली. लाज वाटली मला. तिला न दिसता तशीच मागं फिरले. आजीला म्हटलं, सोमवारी नक्की पाठवा. "बघू," म्हणाली.

रविवार, १२ ऑक्टोबर

कशात लक्ष लागलं नाही. आजी पाठवेल ना?

सोमवार, १३ ऑक्टोबर

आली. पहिलाच प्रश्न तिला, नाव घेऊन. हसले नाही, हात फिरवला नाही. "सृष्टी, एकसष्टातून पंचवीस गेले, किती उरले?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, तिला येत न्हाई." मी जागची हलले नाही. ती उभी राहिली, पट्ट्याची गाठ मुठीत धरून. गुरुजी दाराशी येऊन थांबले.

"बाई," ती म्हणाली, "परत इचारा."