पंजाच्या छापाच्या पिशव्या

इहियाला, नायजेरिया,
११ नोव्हेंबर

प्रिय न्कोलीताई,

तुम्ही सगळे बरे असाल. झिमूला आता दात यायला लागले असतील. कॅम्सीची शाळा सुरू झाली असेल आणि भाऊजींची पाठ दुखायची थांबली असेल. आम्ही दोघी ठीक आहोत. पाऊस संपला, हवा कोरडी पडली, आईच्या टाचा नेहमीसारख्या फुटल्या. यामचे कंद चांगले आले आहेत. शाळेत माझ्याकडे या वर्षी तीन वर्ग आहेत, तिन्हींना जीवशास्त्र.

हे पत्र आणि सोबतचं पार्सल इंजिनिअर एझेन्वांच्या पत्नी आणतील. त्या शनिवारी निघत आहेत. पार्सलमध्ये सुकी मासळी, वाळवलेली उझिझाची पानं आणि सुपात घालायच्या आंबवलेल्या ओगिरीची लहान बरणी आहे. बरणी आईनं तीन फडक्यांत बांधली. मी म्हटलं, “कशाला पाठवतेस? ताईला ओगिरीचा वास चालत नाही.” ती म्हणाली, “बाहेर पायरीवर ठेवेल. मी तिच्याकडे होते तेव्हा माझीही तिथंच असायची.”

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तुला दुसरा कॉल येतो, आणि मी घाईघाईनं ‘बरं, बरं’ म्हणून ठेवते. कागदावर तसं होत नाही.

तू पाठवलेलं निमंत्रण मिळालं. एप्रिलमध्ये तू कामावर रुजू होशील आणि सहा महिने आई झिमूला सांभाळेल, असा तुमचा बेत आहे. ‘व्हिसाच्या अर्जात कारण म्हणून पर्यटन लिही, म्हणजे फार विचारत नाहीत,’ असं तू सुचवलं आहेस. अर्जाचं शेवटी लिहिते. आधी चर्चच्या सुगीच्या रविवारी काय झालं ते सांगते, कारण कुणीतरी तुला अर्धंमुर्धं कळवलंच असेल.

ऑगस्टच्या शेवटी आई परत आली, तेव्हा तिचं स्वागत कसं झालं ते तुला माहीत आहे. व्हिडिओ मीच पाठवला होता. लेकीचं बाळंतपण करून आलेली आई, तीही विमानानं गेलेली. मातामंडळाच्या बायकांनी फाटकापासून गात गात तिला आत आणलं, मानेला पांढरी पावडर फासली. “ममा न्कोली गोरी होऊन आली!” “लंडनचं पाणी लागलंय!” “पोटही सुटलंय, बाळंतीण कोण होती नक्की?” आई हसत होती. मग सगळ्या तिच्या बॅगेकडे बघत बसल्या.

ती बॅग तू भरली होतीस. आईनं ती पहिल्यांदा आमच्यासमोरच उघडली. साबणाच्या सात वड्या, कॅम्सीचे लहान झालेले कपडे, एक घोंगडी, जिला कुत्र्याचा वास येत होता (ती मी दोनदा धुतली, वास गेला नाही), आणि मोकळी जागा भरायला पिशव्यांच्या वीस-बावीस गुंडाळ्या. हिरव्या, पातळ, सुगंधी. प्रत्येक पिशवीवर पंजाचे दोन काळे छाप. बायका तेवीस होत्या. आईनं बॅगेत पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि साबण संपल्यावर उरलेल्या प्रत्येकीच्या हातात एकेक गुंडाळी दिली. बायकांनी नाकाला लावून वास घेतला. “अगं, पिशवीलासुद्धा अत्तर!”

मला काहीच कळलं नाही. पंजा पाहून मला वाटलं, एखाद्या दुकानाचं चिन्ह असेल. पदवी घेतलेली मी या घरातली पहिली, तरी तेवढं समजलं नाही.

पुढे महिनाभर त्या पिशव्या गावभर दिसत होत्या. ममा एबूका त्यांत शेंगदाणे भरून आणायची. कुणी प्रार्थनेचं पुस्तक त्यात घालायची. आणि सगळ्या आईला स्पेनबद्दल विचारायच्या, कारण तुझे फोटो सगळ्यांनी पाहिले होते: निळा समुद्र, टोपी घातलेली कॅम्सी, भाऊजींच्या हातातलं आइस्क्रीम, ‘आमचा उन्हाळा’ असं वर लिहिलेलं, आणि त्याच फोटोंत आई तुमच्या सोफ्यावर बसलेली. आई गेली नव्हती, हे कुणाला कसं कळणार?

“कसा आहे गं तिथला समुद्र?” ममा एबूकानं विचारलं.

“खारट,” आई म्हणाली. “आणि माणसं कपडे घालत नाहीत.”

“अजिबात?”

“थोडे घालतात. पण ते कुठे घालायचे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.”

बायका पोट धरधरून हसल्या. मीही हसले. तुझे फोटो मी आईपेक्षा जास्त वेळा पाहिले होते, त्यामुळे ती काय पाहून बोलतेय हे मला ओळखू येत होतं. तरी मी हसले.

सुगीच्या रविवारी मिस्सा झाल्यावर मांडवात पाहुण्यांसाठी खाणं होतं. ममा एबूकानं तळलेलं चिनचिन त्या हिरव्या पिशव्यांत भरून, गाठी मारून, परातीत रचून आणलं होतं. पन्नास तरी पुड्या असतील. नवे फादर सिल्व्हेस्टर पाच वर्षं जर्मनीत शिकून आले आहेत. परात त्यांच्यासमोर गेली. त्यांनी एक पुडी उचलली, उलटसुलट केली, वास घेतला आणि हसायला लागले.

“ममा, ह्या कुठून आणल्यात?”

“लंडनहून, फादर. ममा न्कोलीनं दिल्या.”

“कशासाठी असतात माहीत आहे का?”

त्यांनी सांगितलं: फिरायला नेलेल्या कुत्र्याची घाण उचलायला. वाईट हेतूनं नाही, गंमत म्हणून. पण आवाज मोठा होता. एका बाईनं तोंडातला घास हातावर थुंकला. दुसरीनं प्रार्थनेचं पुस्तक पिशवीतून काढून ब्लाऊजला पुसलं. ममा एबूका परात धरून तशीच उभी. मग कुणीतरी मागून म्हणालं, “ममा न्कोली, ही भेट आम्हाला दिलीस की आमच्या कुत्र्यांना?”

आई उठली. तिनं पांढरं कापड नेसलं होतं, मंडळाचं, डोक्याला निळा रुमाल. ती म्हणाली, “त्या कोऱ्या आहेत. वापरलेल्या मी तिथंच टाकल्या. रोज दोन, कधी तीन.”

आणि खाली बसली.

 फादर परातीकडे बघत राहिले. ताई, त्या मांडवात तीनशे माणसं होती. प्रत्येकाला हिशोब कळला, मलाही तिथंच कळला. इतके दिवस मी नुसतं कळू दिलं नव्हतं.

घरी आल्यावर आई परसात ओट्यावर एगुसीच्या बिया सोलत बसली आणि सोलता सोलता तिनं सांगितलं. सलग नाही, मूठभर बियांमागे एक वाक्य.

तुम्ही स्पेनला गेलात त्या बारा दिवसांत ती आणि तुमचा कुत्रा, दोघंच घरात होते. कुत्र्याचं नाव रुफस. आपल्या थोरल्या काकांचं नाव रुफस. तू म्हणाली होतीस, तो प्राण्यांच्या आश्रमातून आणला तेव्हाच त्याला ते नाव होतं. आईला त्याला हाक मारता येत नव्हती. ती त्याला ‘ए’ म्हणायची आणि तो यायचा नाही. पहिल्या सकाळी त्यानं शेजारच्या अंगणात घाण केली. शेजारचा गोरा माणूस खिडकीत उभा राहिला आणि तिनं ते उचलेपर्यंत हलला नाही. “तो रागावला नव्हता,” आई म्हणाली. “फक्त बघत होता.”

मग थोड्या वेळानं म्हणाली, “हाताला गरम लागतं, उगोमा. पिशवीतूनसुद्धा.”

तिनं ते बारा दिवस उजव्या हातानं घास घेतला नाही. हातानं खायचा आपला फुफूचा गोळा तिनं चमच्यानं खाल्ला.

मी जीवशास्त्र शिकवते. विष्ठेत काय असतं ते मला फळ्यावर लिहिता येतं. आणि आईनं काय कमी घाण काढली आहे? बकऱ्यांची, कोंबड्यांची, बाबांच्या शेवटच्या चार महिन्यांतली, तुझी, माझी. ती कधी नाक मुरडत नाही. म्हणून मी खूप विचार केला की मला एवढी किळस कशाची येते. तुम्ही तिला ओमुग्वोला बोलावलंत. तिनं झिमूला तेल लावावं, तुझं पोट गरम पाण्यानं शेकावं, तिखट सूप करून तुला भरवावं, यासाठी आई जाते. यापेक्षा मोठा मान आपल्या बायकांना नाही. ज्या बाळाला न्हाऊ घालायला ती आली, ते बाळ तू दोन महिन्यांचं घेऊन निघून गेलीस आणि तिच्या हाती कुत्र्याची दोरी दिलीस. तिच्याकडे स्पेनचा व्हिसा नव्हता, मान्य. पण तो नसणार हे तिकिटं काढताना तुम्हाला माहीत होतं. ओगिरीची बरणी पायरीवर आणि रुफस सोफ्यावर. तो फोटो पुन्हा नीट बघ. आईच्या मागे, उशीवर, त्याचं शेपूट दिसतं.

हे सगळं लिहून मी थांबले असते, तर तुला माझा राग आला असता आणि मला बरं वाटलं असतं. पण एक गोष्ट राहते.

जुलैमध्ये, तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, आईनं मला फोन केला होता. दुपार होती, मी उत्तरपत्रिका तपासत होते. ती हळू बोलत होती, कुत्रा जागा होईल म्हणून. म्हणाली, “उगोमा, मी इथं एकटी आहे. मला जे करायला लावलंय ते मला सांगवत नाही. घरी यायचंय.”

मी विचारलं नाही, काय करायला लावलंय. मी म्हटलं, “आई, थोडे दिवस काढ. भाऊजींनी माझ्या पत्रावर अजून सही केलेली नाही.”

ते पत्र म्हणजे एम.एस्सी.साठी मला तिकडे बोलावण्याचं, राहण्याजेवणाची जबाबदारी घेतल्याचं. तुला माहीतच आहे.

ती म्हणाली, “बरं.” मग विचारलं, बकरीला औषध दिलंस का. मी म्हटलं, दिलं. दिलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी तुझे फोटो उघडले आणि समुद्राच्या फोटोखाली लाल बदाम टाकला. भाऊजींनी बघावा म्हणून. अजून तिथं आहे. काढावा असं रोज वाटतं, पण काढला तर टाकला नव्हता असं होणार नाही.

वर्गात मी मुलींना सांगते की कुठलंही काम हलकं नसतं. गेल्या आठवड्यात हे वाक्य बोलताना मधेच माझा आवाज गेला. मुलींना वाटलं, घसा बसला. एकीनं कोमट पाणी आणून दिलं. मी ते प्यायले.

आता अर्जाचं.

सुगीच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षा घरी आल्या. म्हणाल्या, “आम्ही सगळ्या मिळून तुझ्या मुलीला लिहितो. नावं घालून लिहितो.” आई म्हणाली, “मी कुणाची तक्रार केलेली नाही. बसा, चहा घ्या.” त्या बसल्या, चहा घेतला, गेल्या. पुढच्या दोन दिवसांत उरलेल्या पिशव्यांच्या गुंडाळ्या एकेक करून आपल्या ओसरीवर येऊन पडत होत्या. कोण ठेवून जात होतं ते आम्ही बघितलं नाही. आईनं त्या परसात जाळल्या. जळताना त्यांना लव्हेंडरचा वास येत होता.

मग ती म्हणाली, “न्कोलीचा अर्ज भर.”

मी म्हटलं, “तू जाणार आहेस?”

“आई कशी नाही म्हणेल? नाही म्हटलं तर उद्या बाळाला काही झालं की माझ्या नाही म्हणण्यानं झालं म्हणतील. भर.”

अर्जाबरोबर जाणाऱ्याच्या नावाचं एक पत्र लागतं: कशाला जाता, जाऊन काय करणार. मी कागद घेऊन तिच्यासमोर बसले. तू सांगितलेलं मला लिहिता येईना. मी जे लिहिलं ते इथं उतरवते, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको:

‘मी मुलीच्या घरी जात आहे. ती कामावर जाईल तेव्हा मी तिचं बाळ सांभाळीन, स्वयंपाक आणि धुणं करीन. घरची मंडळी सुट्टीला जातील तेव्हा मी त्यांचा कुत्रा दिवसातून दोनदा फिरवीन आणि त्याची घाण उचलीन. या कामाबद्दल मला काही मिळणार नाही.’

ते मी तिला आपल्या भाषेत वाचून दाखवलं. आणि स्पष्ट सांगितलं, “आई, काम करायला जाते असं लिहिलं तर व्हिसावाले नाही म्हणतील. कदाचित पुढेही कधी जाऊ देणार नाहीत. फाडून टाक म्हण, मी दुसरं लिहिते.”

ती बिया सोलत राहिली.  मग म्हणाली, “म्हणजे न्कोलीला मला नाही म्हणावं लागणार नाही.”

“नाही. ते म्हणतील.”

“पुन्हा वाच.”

मी वाचलं.

“कुत्रा मोठा आहे,” ती म्हणाली. “ते लिही.”

मी लिहिलं. तिनं हात धुतले, पुसले आणि सही केली, शाळेत चौथीपर्यंत शिकली तशी, एकेक अक्षर सुटं. मंगळवारी आम्ही लागोसला जाऊन अर्ज देऊन आलो. तिथं रांगेत तिनं मला विचारलं, झिमू पाच वर्षांची झाली की तिला एकटीला विमानात बसवून पाठवतात का. गळ्यात पाटी अडकवून, असं तिनं ऐकलंय. मी म्हटलं, पाठवतात. मला माहीत नाही, ताई. तू चौकशी करून तिला सांग.

भाऊजींनी सही केलेलं माझं पत्र या पाकिटात परत पाठवते आहे. त्यांना माझा राग येणं साहजिक आहे. माझं एम.एस्सी. इथंच न्सुक्काच्या विद्यापीठात होईल, वेळ लागेल.

हे मिळाल्यावर मला फोन करू नकोस. आईला कर. संध्याकाळी सहानंतर ती बाजारातून आलेली असते. तुझा फोन आला की अजूनही आधी नेसलेल्या कापडाला हात पुसून मग उचलते.

जुलैतला तो फोन ठेवणारी तुझी धाकटी बहीण,
उगोमा