फळ्यांमागचे पाइप

क्लाइडबँक

प्रिय लॅकलन,

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या रोनाचा खोकला थांबला का? नातू चालायला लागला का? मी बरी आहे, पण परवा तुझ्याकडून आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात आहे.

आपले बाबा जहाजाच्या कारखान्यात पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळायचे. उरलंसुरलं घरी आणून घरच्या पाइपांनाही गुंडाळलं. फुकटची ऊब, गल्लीत सगळेच आणत. त्याच्याच भुकटीने त्यांची छाती पोखरली. आता तेच घर विकायचं म्हणून तू त्या पाइपांवर फळ्या ठोकून रंग फासलास.

घर घेणारी ती पोटुशी कर्स्टी म्हणाली, "या फळ्या आधी उखडू. इथे पाळणा ठेवू."

तू हसलास! "उखड की गं पोरी, घर तुझंच आहे."

शी! किळस आली रे मला तुझी. ती भुकटी त्या बाळाच्या नाकात जाणार. मेल्या, जनाची नाही तर मनाची तरी?

मी तिला सगळं सांगायला निघाले आहे. तिला सांगेपर्यंत हे पत्र पेटीत टाकणार नाही; आधी वाचलंस तर घराच्या कागदांवर तिची सही उरकून घेशील. तुला तिच्याकडूनच कळेल. तेव्हा शिव्या द्यायला का होईना, पण लवकर पत्र लिही.

तुझी थोरली बहीण,
एफी