पाच तारखेपर्यंत

१७ नोव्हेंबर
जव्हारच्या हॉलमध्ये मॅट अंथरली. मुली आल्या तीन. दिवाळीला घरी सोडल्या तेव्हा बारा होत्या. सुट्टी मीच दिली — कंपनीत देतात तशी, दहा दिवसांची. प्रशिक्षक रोहिदास दारातच उभा राहिला. "मॅडम, भात झोडून झाला की गाव वीटभट्टीवर जातं. मला वाटलं तुमाला ठाऊक हाय."
बावीस वर्षं रंगाच्या कंपनीत इतरांच्या कामाची वेळापत्रकं आखली. ती नोकरी सोडून महिला कबड्डी लीगमधला हा संघ घेतला. इथला हंगाम कुणाला विचारला नाही.

१९ नोव्हेंबर
पोशेऱ्याला गेले. फागी, आमची सगळ्यात चपळ चढाईपटू, भांडी गोणीत भरत होती. भट्टीवाला जोडीच घेतो, एकट्याला काम नाही. फागीला आई नाही. तिचा बाप, तुका, मला म्हणाला, "संघ तुमचा, बाई. पोर माझी. मंग विटा कोन पाडल?" फागी हसली. मीही. मग दोघं ट्रकमध्ये चढली.

२ डिसेंबर
तीनच. तिघी एकमेकींना पकडून कंटाळल्या.

१४ डिसेंबर
लीगचं पत्र. पाच जानेवारीला सात खेळाडू हजर नसतील तर संघ बाद. सातही जव्हार-मोखाड्याच्याच हव्यात. संघ घेताना हीच अट मला सर्वांत आवडली होती.

२६ डिसेंबर
रोहिदास बायकोला मागे बसवून मोटारसायकलवर भट्ट्या धुंडाळायला निघाला. बायको कशाला, ते विचारलं नाही. "पाच तारखेपर्यंत थांबा, मॅडम. काय करू नका."

३ जानेवारी
आठ दिवस रोहिदासचा फोन लागत नाही. बुडणारी गोष्ट वेळेत बंद करावी, हे मी शेकडो लोकांना शिकवलं. संघ मागे घेत असल्याचं कळवलं. दोन ओळी पुरल्या. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं: तुमची जागा दुसऱ्या संघाला दिली आहे. सहकार्याबद्दल आभार.
रोहिदासला सांगायचं राहिलं आहे.

५ जानेवारी
सकाळी हॉलसमोर टेम्पो थांबला. चौघी उतरल्या. पोटऱ्यांवर वाळलेला चिखल. मागून मोटारसायकलवर रोहिदास, एकटाच. फागी म्हणाली, "माझ्या जागी सरांची बायको ऱ्हायली बापासंगं. आमी चार, इथल्या तीन. सात झालो नं, मॅडम? चला."