तिला म्हणावं, त्यांना म्हणावं

१२ डिसें.
दुपारी डोळा लागला आणि पट्टीचा ठेका ऐकू आला. इथं लासुर्ण्याच्या शाळेत गुरुजी कविता चालीवर घ्यायचे, टेबलावर लाकडी पट्टी वाजवत. टक्, टक्. आम्ही चाळीस पोरं एका सुरात. जागा झालो तर दारात जीप. माझ्या लेकानं, दत्तानं तनूला बारामतीच्या हॉस्टेलातून कायमचं उचलून आणलं. गादी, पुस्तकं, बादली. नातीची बारावीची परीक्षा तोंडावर. सूनबाईनं पोरीकडं न बघताच बोचकं आत नेलं.
हॉस्टेलच्या गच्चीवर दोघी सापडल्या म्हणे, तनू आणि तिची मैत्रीण मयूरी. दारूची बाटली होती. "आन् नुसतं तेवढंच न्हाय, आबा," दत्ता म्हणाला. मग गादी उचलायला वळला.

१४ डिसें.
तनूनंच सांगितलं. डाळिंबाच्या छाटलेल्या फांद्या गोळा करत होतो.
"आबा, मला मयूरी आवडती. मैत्रीण म्हणून न्हाय."
मी "बरं" म्हणालो. आमच्या कवितांत पाखरं, चांदणं, आई, देश सगळं होतं. याची चाल कुणी शिकवली नव्हती.
"आन् दारू कशापायी?"
"प्याले की मम्मी-पप्पा काय म्हणत असतील ते डोक्यात वाजायचं थांबतं. थोडा वेळ."
काटा रुतला होता माझ्या बोटात. दोघंही तोच काढत बसलो.

१७ डिसें.
घरात नवी रीत. बापलेक एकाच खोलीत, बोलणं माझ्यामार्फत.
"आबा, तिला म्हणावं जेवून घे."
"त्यांना म्हणावं भूक न्हाय."
"म्हणावं, ही काय खानावळ हाय?"
"म्हणावं, खानावळीत निदान विचारत्यात तरी, काय पायजे."
मी मधे, हातात भाकरीचा तुकडा. हसू आलं. दत्ताचं तोंड बघून गिळलं.

२१ डिसें.
पेंडीच्या पोत्यामागं बाटली सापडली. कुणाकडून मागवते कळत नाही. "पोरीची जात आन्..." दत्ता दिवसभर पुटपुटत होता. परवा हायवेच्या ढाब्यावरून हाच पिऊन, चूळ भरून घरात आला. त्याला कुणी काही म्हणालं नाही. मीही.

२४ डिसें.
दत्तानं इंदापूरच्या एका वैदूकडून पुड्या आणल्या. दारू सोडवायच्या, नकळत द्यायच्या. सांगून दिल्या तर गुण येत नाही म्हणे. "दुसरंबी निवळतं म्हनला त्यो." दुसरं म्हणजे मयूरी.
तनू चहा फक्त माझ्या हातचा घेते. दत्तानं आणि सूनबाईनं माझ्याकडं पाहिलं.
मी म्हणालो, "डॉक्टरला दावू की. बारामतीत चांगलं हायत."
"गावभर करायचंय व्हय, आबा?"
संध्याकाळच्या चहात पुडी मिसळून दिली.

२५ डिसें.
"आबा, च्या कडू लागतुया."
"गूळ जळका असंल."
माझ्या शब्दावर कप संपवला. मग उलट्या. मी पाठ चोळत बसलो, ती माझाच हात घट्ट धरून. सूनबाई दारातून म्हणाली, "गुन येतोय वाटतं." वाईट बाई नाही. भ्यालेली आहे.

२६ डिसें.
राहिलेल्या पुड्या मोरीत ओतल्या. तनूला जाऊन सांगितलं. वाटलं, आदळआपट करेल.
"आबा, तुमी विचारायचं हुतं. दारू सुटली असती का न्हाय ते मला बी म्हाईत न्हाय. पर बोललो तर असतो."
बस्. उठून गेली.

३० डिसें.
आता माझ्याशीही बोलणं बंद. स्वतःचा चहा स्वतः करते. दत्ता सवयीनं "तिला म्हणावं" म्हणतो, मी दाराशी जाऊन सांगतो. आतून काही नाही. दारूचा वास मात्र येतो.
लहान होती तेव्हा झोपताना शाळेतली एक कविता म्हणायचो. दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ तिची. आज दाराबाहेर उभं राहून म्हणून पाहिली. तिच्या ओळीपाशी थांबलो. मग परत फिरलो.

३ जाने.
परीक्षेचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. मला विचारलं नाही. अठरा पुरी झाली की बार उडवायचा. शेळगावचं स्थळ आहे. रविवारी पोराचे मामा सहज येऊन जाणार. "पोरगं निर्व्यसनी हाय," दत्ता म्हणाला. कुणीच हसलं नाही.
ही, तनूची आजी, असती तर पोरीला कुशीत तरी घेतलं असतं. की तिनंही पुडीच दिली असती? सांगता येत नाही.

रविवार
सतरंजी झाडली, पोहे भिजवले. तनू उठलीच नाही. कडी वाजली, दत्तानं टोपी नीट केली. दार मी उघडलं. मामा नव्हते. एकटीच बाई, खांद्याला पिशवी, एसटीच्या धुळीनं केस पांढरे.
"मी मयूरीची आई. बारामतीहून आले."
दत्ता ताडकन् उठला. बाई मागं सरली नाही.
"भांडाय न्हाय आले, दादा. माझी पोरगी पिऊन येती. माझ्याशी शब्द बोलत न्हाय. मारून झालं, रडून झालं. तिच्याशी बोलायचं कसं, ते तुमच्या तनूला विचारायला आले."
दत्ता परत सतरंजीवर बसला. सूनबाईनं पदर तोंडात धरला. बाई उंबऱ्याबाहेर उभी. "या" कुणी म्हणायचं, कळेना.
आतल्या खोलीत तनूची कॉट करकरली.